अडखळणाऱ्या चित्राचा पूर्वेतिहास

विज्ञानाच्या प्रयोगाचे चित्रण मोबाइलवर कसे सुरेख, सलग दिसते. तेच लॅपटॉपवर संकलनासाठी घेतले की रडकथा सुरू होते. चित्र थबकते, आवाज पुढे निघून जातो, पंखा घरघरू लागतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर घरी बसून पाठ चित्रित करणाऱ्या अनेक शिक्षकांनी हा अनुभव घेतला. दुकानात गेले की ठरलेला सल्ला मिळतो: रॅम वाढवा, नाहीतर नवा लॅपटॉप घ्या. पण गंमत अशी, की हाच लॅपटॉप तीच फाईल नुसती पाहायला घेतली तर न अडखळता दाखवतो! मग संकलनाच्या वेळीच त्याला काय होते? याचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

चित्रपटाची फीत उजेडाकडे धरली की चौकट डोळ्यांना दिसते आणि कात्रीने नेमकी तिथेच कापता येते. १९५६ साली अँपेक्स कंपनीचे चुंबकीय फितीवर दूरचित्रवाणी मुद्रित करणारे यंत्र आले आणि ही सोय गेली. चुंबकीय फीत उजेडाकडे कितीही धरली तरी तपकिरीच! संकलक तिच्यावर लोहकण मिसळलेला द्रव लावत, उमटलेल्या रेषा सूक्ष्मदर्शकातून पाहत आणि पात्याने फीत कापत. काप चुकला की चित्र उडी मारी. पुढे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नक्कल करून संकलन होऊ लागले. पण मध्येच एखादे दृश्य घालायचे झाले तर त्यापुढचे सगळे पुन्हा मुद्रित करावे लागे.

१९७१ साली सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन अमेरिकन कंपन्यांच्या भागीदारीतून सीएमएक्स ६०० हे यंत्र तयार झाले. यात चित्रण फितीऐवजी चकत्यांवर साठवले होते, त्यामुळे कोणत्याही दृश्यावर क्षणात जाता येई. प्रकाशलेखणीने पडद्यावर टोचून काप ठरवायचे. किंमत सुमारे अडीच लाख डॉलर. अर्थात फारशी यंत्रे खपली नाहीत. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या चकत्यांवर पूर्ण दर्जाचे चित्र मावत नव्हते, म्हणून तिथे फक्त कृष्णधवल, भरड नक्कल ठेवली जाई. संकलकाने सारे निर्णय या नकलेवर घ्यायचे, त्या निर्णयांची यादी बाहेर काढायची आणि तिच्यावरून मूळ फिती जोडायच्या. कच्च्या प्रतीवर विचार, पक्क्या प्रतीवर अंमल. ही युक्ती लक्षात ठेवू या.

चित्र अंकांच्या रूपात साठवायचे तर जागा किती लागते? १९८२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आपल्याकडच्या पद्धतीच्या दूरचित्रवाणीची एक चौकट ७२० गुणिले ५७६ बिंदूंची. प्रत्येक बिंदूला सरासरी २ बाइट, सेकंदाला २५ चौकटी. विद्यार्थ्यांना हा गुणाकार जरूर करायला सांगावा. उत्तर येते सेकंदाला सुमारे २.०७ कोटी बाइट, म्हणजे तासाला जवळजवळ ७५ गिगाबाइट. ४० मेगाबाइटच्या चकतीवर यातले जेमतेम दोन सेकंद मावतील.

वाट दाखवली ती बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी. चित्राचे लहान चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा सावकाश व झपाट्याने बदलणाऱ्या छटांच्या बेरजेने मांडायचा आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे गाळायचे. या गणिताचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. परीक्षकांपैकी एकाला ही कल्पना फारच सोपी वाटली, असे अहमद यांनी पुढे लिहिले आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ चे जेपेग मानक याच गणितावर उभे राहिले. दरम्यान १९८९ मध्ये ॲव्हिड कंपनीने मॅकिंटॉश संगणकावर संकलनाची यंत्रणा आणली होती. तिच्यात प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे दाबून ठेवलेली असे.

खरी मेख इथून पुढे आहे. फळ्यासमोर गुरुजी बोलत आहेत. एका चौकटीतून दुसरीत जाताना फक्त हात हलतो. मग संपूर्ण फळा पुन्हा पुन्हा कशाला साठवायचा? एक चौकट पूर्ण ठेवावी, पुढच्या चौकटींत फक्त फरक नोंदवावा. एमपेगची मानके (पहिले १९९३ चे) याच तत्त्वावर बेतली गेली. हेतू होता चित्र प्रेक्षकापर्यंत पोचवण्याचा, आणि प्रेक्षक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ पाहत जातो. संकलकाचे तसे नसते. तो मध्येच कुठेतरी उडी मारतो, मागे येतो. बँकेच्या पुस्तकात शिल्लक फक्त पानाच्या डोक्यावर छापली आणि खाली नुसत्या जमा-खर्चाच्या नोंदी असल्या, तर पंधराव्या ओळीवरची शिल्लक काढायला वरून सगळी बेरीज-वजाबाकी करावी लागेल. संगणक नेमके तेच करतो. त्यातून काही चौकटी पुढच्या चौकटींचाही आधार घेतात. म्हणून चित्र उलटे फिरवताना तर त्याची दमछाक होते.

मोबाइलचे कॅमेरे २००३ च्या एच.२६४ किंवा २०१३ च्या एचईव्हीसी या अशाच पद्धतीने चित्रण साठवतात. प्रेक्षकासाठी बनवलेले रूप आता संकलकाच्या हाती कच्चा माल म्हणून येते. शिवाय फोर-के चौकटीत ३८४० गुणिले २१६० बिंदू असतात, म्हणजे जुन्या दूरचित्रवाणीच्या बरोबर वीसपट.

हे कळले की दोष शोधणे सोपे जाते. लॅपटॉप सुरुवातीला ठीक चालून दहा मिनिटांनी अडखळत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. गादीवर ठेवलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला, झरोक्यांतली धूळ काढली, चार्जर जोडला, एवढ्याने फरक पडतो का ते पाहावे. पहिल्या सेकंदापासून रखडत असेल तर टास्क मॅनेजर उघडावा. डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसली तर फाईल पेनड्राइव्हवर किंवा जुन्या फिरत्या चकतीवर आहे का ते पाहावे. स्मृती काठोकाठ भरलेली दिसली तरच रॅमचा खर्च सार्थकी लागेल. आणि प्रोसेसर शंभरावर असेल तर बहुधा वरची बेरीज-वजाबाकीच चालू आहे. २०११ पासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत या कामासाठी वेगळे मंडल असते, पण सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय बंद असला किंवा चित्रणाचा प्रकार त्या मंडलाला झेपणारा नसला की सारा भार प्रोसेसरवर पडतो.

अशा वेळी सीएमएक्सची युक्ती कामी येते. आजच्या बहुतेक संकलन-सॉफ्टवेअरमध्ये तिला प्रॉक्सी म्हणतात. मूळ चित्रणाची लहान आकाराची, प्रत्येक चौकट स्वतंत्र असलेली नक्कल करून घ्यायची आणि काम तिच्यावर करायचे. नक्कल नको असेल तर मूळ चित्रणच डीएनएक्सएचडी (२००४) किंवा प्रोरेस (२००७) अशा प्रकारात बदलून घेता येते. फाईल कितीतरी मोठी होते आणि तरीही हलकी चालते! विद्यार्थ्यांना हे आधी पटत नाही. त्यांना बँकेच्या पुस्तकाची आठवण द्यावी.

प्रॉक्सीवरचे काम संपल्यावर अंतिम चित्र तयार करताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फायलींकडे परतते आणि काप तिथे लागू करते. त्यासाठी फाईलचे नाव, तिची जागा आणि दृश्याची वेळ या नोंदींचा त्याला आधार असतो. म्हणून काम पूर्ण होईपर्यंत मूळ फायलींची नावे बदलू नयेत, त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नयेत, आणि जागा मोकळी करण्यासाठी पुसून तर मुळीच टाकू नयेत.