हजेरीपट, जनरल रजिस्टर आणि संगणक



प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला सुरुवातीलाच एक प्रश्न पडतो. चाळीस मुलांचे गुण साठवायचे, तर चाळीस वेगवेगळी नावे द्यायची का? संगणकाच्या इतिहासात याचे पहिले ठळक उत्तर आपल्या हजेरीपटासारखेच होते. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत 'अ‍ॅरे' होता: ओळीने खण, सगळ्यांना मिळून एक नाव आणि प्रत्येक खणाला क्रमांक. किती खण लागतील ते आधीच सांगावे लागे. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमाउथ कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी बेसिक भाषा तयार झाली. तिच्यातही मोठ्या यादीसाठी 'डिम' लिहून जागा राखत. फोरट्रान १ पासून मोजते. १९७२ च्या सुमारास घडलेली सी भाषा ० पासून, कारण तिच्यात क्रमांक म्हणजे पहिल्या खणापासूनचे अंतर.

अशा ओळीची अडचण बीडकरांना वेगळी सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या आईवडिलांबरोबर वर्गातली काही मुलेही जात. पटावर त्यांचा खण महिनोन्‌महिने रिकामा राही. तो काढून टाकावा, तर खालच्या सगळ्यांचे हजेरी क्रमांक सरकणार!

यावरची दुसरी वाट फोरट्रानच्याही आधी सापडली होती. १९५३ साली आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी सुचवले, की नोंदीच्या खुणेवरच छोटे गणित करून तिची जागा ठरवावी. त्यालाच पुढे 'हॅशिंग' म्हणू लागले. १९९१ साली आलेल्या पायथनमध्ये नवशिक्याला दोन्ही सोयी आयत्या मिळतात: कमीजास्त होणारी 'लिस्ट' आणि खुणेवरून नोंद काढणारी 'डिक्शनरी'.

शाळेच्या ऑफिसातले जनरल रजिस्टर या डिक्शनरीच्या जवळचे. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. रजिस्टर नंबर दाखल्यावरही तोच राहतो. मूल शाळा सोडून गेले, तरी नोंद पुसली जात नाही, फक्त शेरा पडतो.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. माजी विद्यार्थ्यांची यादी दहावीच्या पटावरून केली, की सातवी-आठवीतच शाळा सुटलेले आपले सोबती तिच्यात येत नाहीत. तेही आपल्याच बाकावर बसले होते. पुढच्या मेळाव्याची यादी आपण जनरल रजिस्टरवरून करूया. नावे उतरवून घ्यायला मी येईन.