ज्ञानेश्वरींतील वेगाचे दृष्टान्त व त्यांची परंपरा

नेवासें येथें शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें सिद्ध झालेल्या भावार्थदीपिकेंत आधुनिक पदार्थविज्ञानाचे सिद्धान्त आधींच सांगून ठेविले आहेत, असें विधान व्याख्यानांतून व स्मरणिकांतून वारंवार कानीं पडतें. सूर्य चालत नाहीं हें ज्ञानदेवांनीं कोपर्निकसाच्या अडीच शतकें आधीं ओळखलें, गतीचा पहिला नियमहि त्यांस ठाऊक होता, इत्यादि. हीं विधानें करणारांच्या श्रद्धेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु श्रद्धा हें इतिहासाचें साधन नव्हे. मूळ ग्रंथांत नेमकें काय आहे, तें कोठून आलें, आणि त्याचा पल्ला कोठवर जातो, एवढेंच पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे. ओव्यांचे अंक निरनिराळ्या प्रतींत थोडे मागेंपुढें होतात, म्हणून निर्देश अध्याय व श्लोक यांच्या अनुरोधानें केला आहे.

स्थलकालाविषयीं वाद नाहीं. ग्रंथाच्या अखेरीस गोदावरीचें दक्षिण तीर, पंचक्रोश क्षेत्र, श्रीमहालया आणि यादव रामचंद्राचें राज्य यांचा उल्लेख असून, सच्चिदानंदबाबा लेखक झाल्याचेंहि तेथेंच नमूद आहे. नेवासें प्रवरेच्या कांठीं आहे, व प्रवरा पुढें टोकें येथें गोदावरीस मिळते.

गतीसंबंधींचा महत्त्वाचा उतारा अठराव्या अध्यायांत, सतराव्या श्लोकाच्या व्याख्यानांत आहे. देहाभिमान गेल्यावरहि ज्ञान्याचा देह कर्में करीतच राहतो. तें कसें, हा तेथें प्रश्न. उत्तरादाखल दृष्टान्तांची एक मालिकाच येते. वारा वाहून गेला तरी झाडाचें डोलणें मागें उरतें. बाणानें लक्ष्य भेदिलें, त्याचें काम संपलें, तरी त्यांत भरलेलें बळ शिल्लक आहे तोंपर्यंत तो पुढें धांवतच असतो. चाकावर भांडें तयार झालें, कुंभारानें तें उचलूनहि नेलें, तरी पूर्वीं दिलेल्या फेऱ्यामुळें चाक फिरतच राहतें. या मालिकेंत कापराच्या वासासारखे दुसरेहि दृष्टान्त आहेत. परंतु वरील तिन्ही गतीचे आहेत, आणि तिन्हींतील मर्म एकच आहे : प्रेरणा देणारा दूर झाला तरी प्रेरणा पदार्थांत राहते.

ही कल्पना ज्ञानदेवांची स्वतःची नव्हे, आणि त्यांनीं तसें कोठें म्हटलेलेंहि नाहीं. उलट, आपण भाष्यकारांस वाट पुसत चाललों असें ते ग्रंथाच्या शेवटीं स्पष्ट सांगतात. त्या सांगण्याचा पुरावा येथेंच सांपडतो. गीतेच्या तेराव्या अध्यायांतील तेविसाव्या श्लोकावर भाष्य करितांना शंकराचार्यांनीं हाच बाण घेतला आहे : लक्ष्यवेधासाठीं सोडलेला बाण वेध झाल्यानंतरहि, आरंभीं मिळालेला वेग क्षीण होऊन पडेपर्यंत थांबत नाहीं. चाकाचा दृष्टान्त त्याहून जुना. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत सदुसष्टाव्या कारिकेंत तो आहे, आणि ब्रह्मसूत्रभाष्यांत चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादांतहि आचार्यांनीं तो योजिला आहे. म्हणजे बाण व चाक ही जोडी प्रारब्धाच्या चर्चेंतील ठरलेली सामुग्री होती. ज्ञानदेवांचें विशेष असें कीं, पंडितांच्या वादांतील ही सामुग्री त्यांनीं देशी भाषेंत आणून अशा लोकांपुढें ठेविली कीं ज्यांच्यांत प्रत्यक्ष चाक फिरविणारेहि होते.

तथापि या दृष्टान्तांच्या मुळाशीं केवळ काव्य नाहीं, एक शास्त्र आहे. तें वैशेषिकांचें. कणादसूत्रांच्या पांचव्या अध्यायांत बाणाच्या गतीची मीमांसा आहे. पहिलें कर्म धनुष्याच्या ढकलण्यानें होतें. त्या कर्मानें बाणांत संस्कार उत्पन्न होतो. पुढचीं कर्में त्या संस्कारानें होतात. संस्कार संपला म्हणजे गुरुत्वानें पतन होतें. प्रशस्तपादानें संस्काराचे तीन प्रकार केले : वेग, भावना व स्थितिस्थापक. वेग हा मूर्त द्रव्यांत असतो आणि स्पर्शवान् द्रव्याच्या संयोगानें नाश पावतो. स्थितिस्थापक म्हणजे वांकविलेली वस्तु पूर्ववत् करणारा गुण. त्याच्या उदाहरणांत धनुष्याबरोबर झाडाची फांदीहि आहे. या दृष्टीनें पाहतां ज्ञानदेवांचें डोलणारें झाड आणि त्यांचा धांवणारा बाण हीं एकाच संस्काराच्या दोन पोटभेदांचीं उदाहरणें ठरतात. अशी विभागणी त्यांच्या मनांत होती असें मात्र मी म्हणणार नाहीं.

आतां सूर्याकडे वळूं. चौथ्या अध्यायांत, कर्मांत अकर्म पाहणाऱ्या पुरुषाचें वर्णन करितांना, उदयास्तामुळें न चालणाऱ्या सूर्याचें चालणें भासतें अशा अर्थाची ओवी आहे. आणि तेथेंच, नावेंत बसलेल्यास तीरावरचीं झाडें वेगानें जातांना दिसतात, नीट पाहिलें तर तीं अचल असतात, हाहि दृष्टान्त आहे. नावेचा दृष्टान्त आर्यभटाचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानें आर्यभटीयाच्या गोलपादांत (इ. स. ४९९) तो पृथ्वीच्या भ्रमणाविषयीं दिला. पण दोघांचा हेतु निराळा. आर्यभट तारकांच्या दृश्य गतीची उपपत्ति सांगत आहे. ज्ञानदेव कर्तृत्वाचा भास सांगत आहेत. दृष्टान्तास सिद्धान्त समजणें हा ग्रंथकारावर अन्याय आहे. ज्या अर्थाचा त्यानें भार घेतला नाहीं तो त्याच्या माथीं मारूं नये. आर्यभटमताचा एक धागा येथवर पोंचला होता, एवढें मात्र संभवतें. यादवांच्या राज्यांत ज्योतिषाचें अध्ययन चालू होतें, याला चाळीसगांवाजवळील पाटणें येथील शिलालेख साक्ष आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी, यानें तेथें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला. परंतु त्या परंपरेंतहि भास्कराचार्य पृथ्वी स्थिर मानीत. जड पदार्थ पृथ्वी स्वशक्तीनें ओढून घेते हें मात्र त्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत (शके १०७२) सांगितलें आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत आणून द्यावीशी वाटते. आर्यभटाचें भ्रमणमत टिकलें नाहीं, त्याचीं कारणें गतिशास्त्रांतील होतीं. वराहमिहिर म्हणतो, पृथ्वी फिरती तर पक्षी घरट्यास परत येते ना. लल्ल आणखी एक आक्षेप घेतो : वर सोडलेला बाण पश्चिमेस पडावयास हवा होता. आक्षेप पोरकट नाहींत. आजच्या मानानें हिशेब केला तर नेवाशाच्या अक्षांशावर भूपृष्ठ सेकंदास सुमारें ४३८ मीटर पूर्वेकडे सरकतें. सुमारें २० मीटर उंच जाऊन येणारा बाण हवेंत चार सेकंद असतो. तेवढ्यांत सोडणारा पावणेदोन किलोमीटर पुढें गेलेला असेल. बाण मग पायाशीं कसा पडतो? उत्तर असें कीं बाण सुटण्यापूर्वींच पृथ्वीबरोबर चालत होता, आणि ती चाल सुटल्यावरहि त्याच्यांत राहिली. म्हणजे प्रेरक दूर झाला तरी वेग उरतो, हेंच. लल्लाच्या बाणाचें उत्तर वैशेषिकांच्या बाणांत होतें. परंतु ज्योतिषी आणि दार्शनिक यांचीं दफ्तरें निराळीं राहिलीं, आणि भ्रमणमताच्या वादांत वेगसंस्कार निर्णायक साक्षीस उभा राहिला नाहीं.

युरोपांतहि हीच सामुग्री होती हें पाहून नवल वाटतें. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनें, फेंकलेल्या वस्तूस हवा ढकलते हें ॲरिस्टॉटलचें मत खोडून, फेंकणारा वस्तूंतच बळ घालतो असें म्हटलें. चौदाव्या शतकांत पॅरिस येथील ब्युरिदां यानें तें मत वाढविलें. त्याची उदाहरणें पाहावीं तर भोंवरा, आणि हात काढल्यावरहि फिरणारें लोहाराचें चाक. तो नेवाशाच्या ग्रंथानंतर अर्ध्या शतकाच्या आंतबाहेरचा. देवाणघेवाणीचा पुरावा नाहीं, व ती कल्पिण्याची गरजहि नाहीं. चाक सर्वत्र सारखेंच फिरतें. पुढें न्यूटननें १६८७ मध्यें पहिला नियम मांडला तेव्हां त्याच्याखालीं दिलेलीं उदाहरणें पुन्हा तींच : फेंकलेला पदार्थ व भोंवरा, आणि त्यांच्या जोडीस ग्रह.

मग भेद कोठें? ज्ञानदेवांच्या व आचार्यांच्या बाणांतलें बळ भरलेलें असतें आणि सरतें, जसें रांजणांतलें पाणी. चालत राहण्यास बळ लागतें हें तेथें गृहीत आहे. न्यूटनच्या मतें चालत राहण्यास कांहींच लागत नाहीं. थांबण्यासच लागतें, आणि भोंवऱ्यास हवा थांबविते. प्रशस्तपादाचें स्पर्शवान् द्रव्याच्या संयोगाचें वचन या मताच्या उंबरठ्याशीं येऊन थांबलेलें आहे, आणि वैशेषिकांची खरी थोरवी मला तेथें दिसते. एक संस्कार पडण्यापर्यंत टिकतो कीं क्षणोक्षणीं नवा उपजतो, यावर वैशेषिक व नैयायिक यांचा वाद झाला. परंतु अडथळा मुळींच नसेल तर काय होईल, हा प्रश्न पुढें सरला नाहीं. वेग मोजण्याचा यत्नहि झाला नाहीं.

नेवाशास चाक मात्र फार जुनें आहे. १९५४ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजाच्या वतीनें हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं तेथें उत्खनन केलें. त्यांत अश्मयुगीन हत्यारांपासून मराठेशाहीपर्यंतचे थर मिळाले. सातवाहनकालीन थरांच्या खालीं, इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या सहस्रकांतील ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष होते. तेथील तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी काढलेलीं, चाकावर घडविलेलीं भांडीं, संगमनेर तालुक्यांतील जोर्वे या प्रवराकांठच्याच गांवावरून जोर्वे धाटणीचीं म्हणून ओळखलीं जातात. भावार्थदीपिका लिहिली गेली तेव्हां या कांठावर चाक फिरूं लागून दोन हजारांहून अधिक वर्षें झालीं होतीं.

कुंभाराचें चाक रुंद व जड असतें, आणि वजन जितकें कडेला अधिक तितकें तें फेरा अधिक काळ धरतें. कडेजवळच्या खांचेंत दांडा घालून तें फिरवावयाचें, दांडा बाजूस ठेवावयाचा, आणि उरलेल्या फेऱ्यांत दोन्ही हातांनीं भांडें चढवावयाचें. सर्व कसब त्या उरलेल्या फेऱ्यांतलें आहे. चाक ज्या खुंटीवर टेकतें तिला तेलाचें बोट लावलें म्हणजे तें अधिक वेळ फिरतें.