युक्रेन : साक्षीदाराची सही आणि जामीनदाराची सही

युक्रेनच्या बातम्या आता आपल्या पेपरात आतल्या पानावर, एका कॉलमात येतात. अमेरिकेची नवी मदत, युरोपचं नवं पॅकेज, जर्मनीची क्षेपणास्त्रं. एवढे श्रीमंत देश एवढी वर्षं देतायत, तरी युद्ध संपत का नाही, असं वाचणाऱ्याला वाटतं. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. त्याला जोडून दुसरा प्रश्न ठरलेला : "मुळात दुसऱ्याच्या भांडणात यांनी शस्त्रं द्यायचीच कशाला?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर शोधायला गेलं की आपण एका जुन्या कागदापाशी येऊन थांबतो. आज त्या कागदाबद्दल. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

१९९१ साली सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या जमिनीवर सुमारे १९०० लांब पल्ल्याची अण्वस्त्रं उरली होती. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा. ती डागायचे संकेत मॉस्कोच्या ताब्यात होते हे खरं, पण वस्तू युक्रेनच्या घरात होती. देश नवा, तिजोरी रिकामी, आणि अमेरिका-रशिया दोघांचाही आग्रह एकच : ही अस्त्रं सोडा. युक्रेनने मान्य केलं. ५ डिसेंबर १९९४ रोजी हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टला, एका करारपत्रावर सह्या झाल्या. युक्रेनचे कुचमा, रशियाचे येल्त्सिन, अमेरिकेचे क्लिंटन आणि ब्रिटनचे जॉन मेजर. तुमच्या सीमांचा आम्ही आदर करू, तुमच्यावर बळ वापरणार नाही, असं तिघांनी युक्रेनला लिहून दिलं. १९९६ च्या जूनपर्यंत शेवटचं अण्वस्त्र रशियाला पोचलंही.

खरी गंमत कागदातल्या एका शब्दात होती. इंग्रजी मसुद्यात 'हमी' हा शब्द अमेरिकेच्या वकिलांनी येऊ दिला नाही, तिथे 'आश्वासन' असा शब्द घातला. युक्रेनियन मसुद्यात मात्र 'हमी' असाच अर्थ होणारा शब्द आहे. एकच कागद, दोन भाषा, दोन अर्थ.

आपल्याकडे पतसंस्थेतून कर्ज काढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. साक्षीदार म्हणून सही करणारा चहा पिऊन घरी जातो. जामीनदार म्हणून सही करणाऱ्याच्या दारात हप्ता थकला की वसुलीवाला उभा राहतो. बुडापेस्टला अमेरिका आणि ब्रिटनने सही केली ती साक्षीदाराची. कुणी हल्ला केला तर आम्ही सैन्य किंवा शस्त्रं पाठवू, असं त्यात कुठेही नाही. वाद झाला तर चर्चा करू, आणि अण्वस्त्राची धमकी आली तर सुरक्षा परिषदेत विषय नेऊ, एवढंच. त्या सुरक्षा परिषदेत रशियाला नकाराधिकार आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध फिर्याद करायची, तोच पंचांच्या बाकावर.

पुढे १९९९-२००० मध्ये गॅसच्या थकबाकीपोटी युक्रेनने ११ मोठी बाँबफेकी विमानं आणि त्यांच्यासोबत ५७५ च्या आसपास केएच-५५ क्षेपणास्त्रं रशियाला देऊन टाकली. २०२२ च्या हिवाळ्यात युक्रेनवर झालेल्या माऱ्यानंतर जे अवशेष सापडले, त्यात याच जातीची जुनी क्षेपणास्त्रं होती.

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. कागदावरच्या साक्षीदारांनी काय केलं? निषेध केला, काही निर्बंध लावले. ओबामा सरकारने ब्लँकेटं, अंधारात पाहायच्या दुर्बिणी, सैनिकांसाठी जेवणाची पाकिटं पाठवली. शस्त्रं नाहीत. त्या सप्टेंबरात युक्रेनचे तेव्हाचे अध्यक्ष पोरोशेन्को यांनी अमेरिकी संसदेत उभं राहून सांगितलं की ब्लँकेटांनी युद्ध जिंकता येत नाही. टाळ्या भरपूर पडल्या, शस्त्रं आली नाहीत. रणगाडा फोडणारी जॅव्हलिन क्षेपणास्त्रं मिळाली २०१८ मध्ये, तीही २१०. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी सुमारे ३९ कोटी डॉलरची मंजूर मदत अडवून धरली. त्यावरून त्यांच्यावर महाभियोग चालला, तो किस्सा तुम्हाला आठवत असेल.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र चांगली झाली. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका यांचे प्रशिक्षक युक्रेनमध्ये जाऊन सैनिक तयार करत राहिले. एकट्या ब्रिटनने २०१५ पासून २२ हजारांवर सैनिकांना शिकवलं. त्याची बातमी कधी मोठी झाली नाही, पण पुढे ते शिक्षण कामाला आलं.

२०२२ च्या जानेवारीत रशियाची फौज सीमेवर जमली. ब्रिटनने विमानं भरून सुमारे दोन हजार रणगाडाविरोधी शस्त्रं पाठवली. जर्मनीने पाच हजार हेल्मेटं देऊ केली. कीवचे महापौर क्लिच्को यांनी चिडून विचारलं, आता पुढे काय, उशा पाठवणार का? महिनाभरात, २४ फेब्रुवारीला, हल्ला झाला. तीन दिवसांनी जर्मनीचे चॅन्सलर शोल्झ यांनी संसदेत युग बदलल्याचं सांगून सैन्यासाठी १० हजार कोटी युरोंचा निधी जाहीर केला. युरोपियन युनियनने आपल्या इतिहासात पहिल्यांदा मारक शस्त्रांसाठी ४५ कोटी युरो काढले. एप्रिलमध्ये जर्मनीतल्या राम्श्टाइन या अमेरिकी हवाई तळावर चाळीसवर देश एकत्र बसले. कुणाकडे काय आहे आणि कोण काय देणार, याचा हिशेब तिथे सुरू झाला.

इथे एक गैरसमज दूर करतो. परदेशी शस्त्रांमुळे युद्ध लांबलं, असं बरेच जण म्हणतात. पण कीववर आलेली फौज मार्चअखेर मागे फिरली तेव्हा हायमार्स नव्हते, पाश्चात्त्य रणगाडे नव्हते, एफ-१६ नव्हती. खांद्यावरून डागायची आयात क्षेपणास्त्रं होती, बाकी मुख्य जोर युक्रेनच्या जुन्या सोव्हिएत तोफांचा आणि लढणाऱ्या माणसांचा. १४ एप्रिलला बुडालेली 'मोस्क्वा' ही रशियाची युद्धनौका युक्रेनच्याच 'नेपच्यून' क्षेपणास्त्रांनी लोळवली. ही माणसं लढणारच होती. त्यांनी कशाने लढायचं, एवढंच बाहेरच्यांच्या हातात होतं.

आता पुढच्या तारखा नीट पाहा. सगळी गोष्ट त्यातच आहे.

हायमार्स हे लांब पल्ल्याचे रॉकेट सोडणारे ट्रक जून २०२२ मध्ये पोचले, सुरुवातीला चारच. त्यांनी रशियाची दारूगोळ्याची कोठारं उडवली, आणि नोव्हेंबरात खेरसोन शहर परत मिळालं. वेळेवर मिळालेल्या हत्याराने काय होतं, ते इथे दिसलं.

पाश्चात्त्य रणगाड्यांना २०२२ भर 'नाही' होतं. २५ जानेवारी २०२३ ला 'हो' झालं : जर्मनीचे लेपर्ड, अमेरिकेचे ३१ अब्राम्स. लेपर्ड येऊन चढाई सुरू होईपर्यंत जून उजाडला. तोवर रशियाने दक्षिणेत खंदक खणून, सुरुंग पेरून ठेवले होते. ती चढाई अडकली.

एफ-१६ ला जानेवारी २०२३ मध्ये बायडेन यांचं उत्तर स्पष्ट 'नाही'. मे महिन्यात प्रशिक्षणाला 'हो'. विमानं प्रत्यक्ष आली ऑगस्ट २०२४ मध्ये.

एटॅकम्स क्षेपणास्त्रं आधी नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये कमी पल्ल्याची दिली. रशियाच्या हद्दीत वापरायची परवानगी नोव्हेंबर २०२४ मध्ये.

प्रत्येक वेळी क्रम तोच : आधी नाही, मग बघू, मग हो. कारणंही होती, ती नाकारता येत नाहीत. समोरच्याकडे अण्वस्त्रं आहेत, चिडला तर काय, ही भीती खोटी नव्हती. पण दर 'बघू'च्या काळात समोरचा खंदक खणत होता.

सगळ्यात महाग पडला तो तोफगोळ्यांचा तुटवडा. युद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला सुमारे १४ हजार बनत होते. युक्रेनला तेवढे काही दिवसांतच लागायचे. शीतयुद्ध संपल्यावर कारखाने बंद करून बसलेल्या युरोपने मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळे देऊ असं सांगितलं, मुदतीत जमले निम्म्याच्या आसपास. त्याच हिवाळ्यात अमेरिकी संसदेत सुमारे ६,१०० कोटी डॉलरचं मदत विधेयक पक्षीय भांडणात सहा महिने लटकलं. फेब्रुवारीत अवदीव्का शहर पडलं, तेव्हा युक्रेनच्या तोफांकडे गोळेच पुरे नव्हते. विधेयक मंजूर झालं एप्रिलमध्ये. आपल्याकडे याला 'वरातीमागून घोडं' म्हणतात. फरक एवढाच की तिथे मधल्या काळात माणसं मरत होती.

पैशाबद्दलही एक सांगायला हवं. अमेरिकेने डॉलरच्या थैल्या कीवला पाठवल्या, असं चित्र आपल्या डोक्यात आहे. २०२२ पासूनची अमेरिकेची लष्करी मदत साडेसहा हजार कोटी डॉलरच्या वर गेली. पण त्यातला मोठा भाग म्हणजे अमेरिकेच्या गोदामातली आधीची शस्त्रं. ती उचलून दिली आणि त्यांच्या जागी नवी बनवायचे पैसे अमेरिकेतल्याच कारखान्यांना मिळाले. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला तोफगोळ्यांचा जुना कारखाना आहे. तिथल्या कामगारांचे आभार मानायला झेलेन्स्की स्वतः सप्टेंबर २०२४ मध्ये गेले होते.

उलट ज्यांच्याकडे गोदामं लहान, त्यांनी हात सैल सोडला. एस्टोनियाची लोकसंख्या आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढी, तेरा-चौदा लाख. त्यांनी आपल्या १५५ मिलिमीटरच्या सगळ्या ओढतोफा देऊन टाकल्या. डेन्मार्कने आपल्या १९ च्या १९ सीझर तोफा दिल्या. चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पेत्र पावेल यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की जगभरातून आठ लाख गोळे शोधून ठेवलेत, पैसे द्या, आणून देतो. हे त्यांनी जाहीर केलं म्युनिकच्या परिषदेत. याच म्युनिकमध्ये १९३८ साली हिटलर, मुसोलिनी, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून देण्याचा करार केला होता, आणि चेक माणसाला त्या खोलीत खुर्चीही नव्हती. पुढे १९६८ मध्ये त्याच देशात सोव्हिएत रणगाडे घुसले. सोव्हिएत काळात एस्टोनियाच्या हजारो लोकांना सैबेरियात नेऊन टाकलं होतं. या देशांच्या मदतीमागे घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत.

आता तो दुसरा प्रश्न : दुसऱ्याच्या भांडणात शस्त्रं का? जगात हे नवीन नाही, आणि मॉस्कोला तर मुळीच नाही. हिटलर चालून आला तेव्हा अमेरिकेने उधार-भाडे कायद्याखाली सोव्हिएत संघाला चार लाखांच्या आसपास ट्रक आणि जीप दिल्या, शिवाय हजारो विमानं आणि रणगाडे. आजही रशियाला इराणी बनावटीचे ड्रोन मिळाले, उत्तर कोरियाचे गोळे मिळाले, २०२४ च्या अखेरीस तर तिथले हजारो सैनिकही आले. १९७१ मध्ये आपण मुक्तिवाहिनीला शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं, ते चूक होतं असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही.

त्याच १९७१ मध्ये मॉस्को आपल्या पाठीशी उभं राहिलं, म्हणून आपल्याकडे रशियाबद्दल माया आहे. ती मला समजते. पण ज्याला आपण 'रशियन माल' म्हणत आलो, त्यातला बराचसा युक्रेनचाही होता. आपल्या हवाई दलाची एएन-३२ विमानं कीवच्या अँटोनोव्हची. आपल्या अनेक युद्धनौकांची गॅस टर्बाइन इंजिनं मिकोलाइव्हच्या कारखान्यातली. उपकार आठवायचे तर सगळेच आठवूया.

२०२५ मध्ये चित्र आणखी बदललं. मार्चमध्ये ट्रम्प सरकारने काही दिवस शस्त्रं आणि गुप्त माहिती दोन्ही बंद केली, मग पुन्हा सुरू केली. जुलैपासून नवीन व्यवस्था आली : शस्त्रं अमेरिकेची, बिल युरोपचं. दरम्यान युक्रेन स्वतःच ड्रोन बनवणारा मोठा देश झाला, आणि डेन्मार्कसारखे देश आता थेट युक्रेनच्या कारखान्यांना पैसे देऊन तिथेच शस्त्रं बनवून घेतात. दुसऱ्याच्या 'बघू'वर किती दिवस बसायचं, हे युक्रेनला कळलंय.

आणि वाटाघाटींच्या टेबलावर शब्द आला तो पुन्हा तोच. हमी. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅरिसला २६ देशांनी युद्धबंदीनंतर युक्रेनच्या सुरक्षेत वाटा उचलायची तयारी दाखवली. चर्चा जमिनीच्या नकाशाची दिसते, पण युक्रेनच्या सामान्य माणसाला विचारायचं असतं ते वेगळंच : पुढच्या वेळी तो पुन्हा आला, तर तुम्ही पत्रक काढणार की येणार?

माझं मत सरळ आहे. १९९४ ला जामीनदाराची सही असती, तर २०१४ ला एवढी हिंमत झाली नसती. आणि २०१४ ला ब्लँकेटांच्या जागी शस्त्रं गेली असती, तर २०२२ नंतर हजारो कोटी डॉलर आणि एवढे जीव गेले नसते. स्वस्तातली सही शेवटी सगळ्यांनाच महाग पडली. यातून उद्याचा एखादा लहान देश काय शिकेल? अण्वस्त्र सोडायचं नाही, एवढंच. हा धडा पक्का झाला तर त्याची झळ आपल्यापर्यंतही येईल. आपले दोन शेजारी अण्वस्त्रवाले आहेत, हे विसरू नका.

तेव्हा युक्रेनचा तह झाल्याची बातमी येईल त्या दिवशी हस्तांदोलनाचे फोटो बाजूला ठेवा. कोणता देश किती किलोमीटर सरकला, तेही नंतर पाहा. आधी एकच ओळ शोधा : खाली सह्या कुणाच्या आहेत, आणि त्या साक्षीदार म्हणून आहेत की जामीनदार म्हणून.