पॉज बटण नसलेला जीव

२३ नोव्हेंबर १९९६ ला जपानच्या बंदाई कंपनीने तामागोत्ची बाजारात आणली. अंड्याच्या आकाराचं खेळणं, तीन बटणं, छोटासा काळा-पांढरा स्क्रीन आणि त्यात एक पाळीव प्राणी. ‘तामागो’ म्हणजे अंडंच. कल्पना अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांची. १९९७ चं अर्थशास्त्राचं इग नोबेल दोघांना मिळालं, लोकांचे कामाचे लाखो तास खोट्या प्राण्यांच्या संगोपनात घालवल्याबद्दल!

चार ठिपक्यांवर पोरांचा जीव का जडला? माझ्या मते, एक सोय दिली नव्हती म्हणून. पॉज नव्हता. तुम्ही वर्गात असा नाहीतर जेवायला बसलेले, त्याला भूक लागायचीच, त्याची शी काढावी लागायचीच. दुर्लक्ष झालं की तो मरायचा. जपानी खेळण्यात मग भूत आणि थडगं दिसायचं; अमेरिकेसाठी त्याचा देवदूत केला. शाळांनी बंदी घातली, तेव्हा प्राणी सांभाळायचं काम आईबाबांवर आलं. पोरांनी पळवाटही शोधली: घड्याळ लावायचा स्क्रीन उघडा ठेवला की प्राण्याचा काळ थांबतो. आम्ही कोडवाले याला बग म्हणू.

दहिवलीहून मुंबईला जाताना कर्जत लोकलमध्ये स्ट्रीक तुटू नये म्हणून घाईने ॲप उघडणारे दिसतात. त्यांतला एक मी. डुओलिंगोत स्ट्रीक गोठवता तरी येते. तामागोत्चीच्या पुढच्या मॉडेलांतही पॉज आलाच.