प्राचीन इस्राएलमधील दैवी अभिवचन आणि त्याचे पिढीगत संक्रमण

प्राचीन इस्राएली धर्मजीवनात दैवी अभिवचन ही मध्यवर्ती संकल्पना होय. अब्राहामाला संतती व भूमी देण्याचे परमेश्वराचे वचन ‘उत्पत्ति’ या ग्रंथाच्या १२, १५ व १७ या अध्यायांत येते. हे वचन एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे पोहोचत होते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रथमदर्शनी ते रक्ताच्या नात्याने आपोआप चालत आलेले वाटते. ‘उत्पत्ति’तील कथा मात्र या समजाला छेद देतात. ज्येष्ठ पुत्राचा हक्क मानणाऱ्या समाजात इश्माएल व एसाव हे थोरले पुत्र बाजूला पडतात. इसहाक व याकोब यांनाही तेच वचन परमेश्वराकडून नव्याने ऐकावे लागते. बापाचे वतन मुलाच्या नावावर चढावे, तसे अभिवचन चढत नाही.

संक्रमणाचे खरे साधन होते घर. ‘निर्गम’ (अध्याय १२ व १३), ‘अनुवाद’ (अध्याय ६) आणि ‘यहोशवा’ (अध्याय ४) या ग्रंथांत एकच आकृतिबंध पुन्हा पुन्हा आढळतो. वल्हांडणाचा विधी किंवा यार्देन नदीतून आणून उभारलेले बारा धोंडे पाहून मूल अर्थ विचारते आणि वडील सुटकेची कथा सांगतात. मिसर देश कधीही न पाहिलेला पिता येथे ‘आम्ही’ दास होतो असे म्हणतो, हे लक्षणीय आहे. ‘अनुवाद’चा ५ वा अध्याय तर करार पूर्वजांशी नव्हे, आज जिवंत असणाऱ्यांशी झाला असे ठासून सांगतो.

या आग्रहामागे ऐतिहासिक कारण संभवते. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी सत्तेने शोमरोन जिंकले व उत्तरेचे राज्य संपले. ‘अनुवाद’चा गाभा बहुसंख्य अभ्यासक इ.स.पू. ७ व्या शतकाशी, विशेषतः योशिया राजाच्या इ.स.पू. ६२२ च्या सुमाराच्या धर्मसुधारणेशी जोडतात. विस्मरणाचे भय नसलेला समाज मुलांना पढवण्याच्या आज्ञा इतक्या वेळा लिहून ठेवील, असे वाटत नाही. परमेश्वराला न ओळखणारी पिढी निपजल्याची नोंद ‘शास्ते’ या ग्रंथाच्या २ ऱ्या अध्यायात आहेच.

ग्रंथाबाहेरचा पुरावाही उपलब्ध आहे. १९७९ साली यरुशलेमजवळील केतेफ हिन्नोम येथील दफनगुहेत गॅब्रिएल बारकाय यांच्या उत्खननात चांदीच्या पत्र्याच्या दोन गुंडाळ्या सापडल्या. सामान्यतः त्या इ.स.पू. ७ व्या शतकाच्या अखेरीच्या किंवा ६ व्या शतकाच्या आरंभीच्या मानल्या जातात. त्यांवर ‘गणना’ या ग्रंथाच्या ६ व्या अध्यायातील याजकीय आशीर्वादाशी जुळणारा मजकूर आहे. मोठ्या गुंडाळीवर करार पाळणाऱ्या देवाचाही उल्लेख आहे. ‘अनुवाद’च्या ७ व्या अध्यायात अशीच शब्दयोजना हजार पिढ्यांशी जोडलेली आहे. अंगावर ताईत म्हणून बाळगण्याजोग्या या वस्तू थडग्यापर्यंत माणसाची सोबत करीत होत्या.

इ.स.पू. ५८७/५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. दावीदाचे सिंहासन सर्वकाळ टिकेल, हे ‘२ शमुवेल’च्या ७ व्या अध्यायातील अभिवचन आता मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचे? ८९ व्या स्तोत्राच्या पूर्वार्धात याच अभिवचनाचे गुणगान आहे; उत्तरार्धात ते मोडल्याचा उघड आरोप परमेश्वरावरच केला आहे. हा आरोप गाळला गेला नाही, उपासनेच्या स्तोत्रसंग्रहात तो जपला गेला. प्रस्तुत लेखिकेच्या मते संपूर्ण परंपरेतील हा सर्वांत धाडसी निर्णय होय, कारण यापुढे वचनाबरोबर त्याच्या अपूर्ततेची तक्रारही वारशात आली.

बंदिवासानंतरचे संकट अधिक घरगुती होते. इ.स.पू. ५ व्या शतकातील परिस्थितीचे वर्णन करणाऱ्या ‘नहेम्या’च्या १३ व्या अध्यायात मिश्र विवाहांतील निम्मी मुले अश्दोदी भाषा बोलतात व त्यांना यहूदी भाषा येत नाही, अशी व्यथा आहे. नहेम्याचा संताप मारहाणीपर्यंत गेला. त्याच ग्रंथाच्या ८ व्या अध्यायातील मार्ग अधिक फलदायी ठरला. तेथे स्त्री-पुरुषांसमोर नियमशास्त्र जाहीरपणे वाचले जाते आणि लेवी त्याचा अर्थ फोड करून सांगतात.

हाच मार्ग पुढे फार दूरवर गेला. वल्हांडणाच्या भोजनप्रसंगी वाचावयाचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ कोकणातून मुंबई-पुण्यात आलेल्या बेने इस्राएल समाजासाठी १८७४ साली पुण्यात छापला गेला. त्यात मुलाचा प्रश्न मूळ हिब्रूत आहे आणि सोबत मराठीतही.