धोटा, धागा आणि आपलं तोंड

दलित साहित्य म्हणजे गावकुसाबाहेरचं साहित्य, शहरात आलं की जात विरघळते, असं सांगणारे पांढरपेशे विद्वान अजून आहेत. आम्ही पाणवठा लिहावा, येसकरकी लिहावी, मेलेलं ढोर लिहावं. यंत्रापाशी म्हणे सगळे सारखे. दोस्तहो, मी रिंगवर काम करणारा माणूस. मला यंत्राचा इतिहास असा दिसत नाही.

मुंबईच्या गिरण्यांतल्या साच्यावर धोटा असायचा. लाकडी, दोन्ही बाजूंनी टोकदार, पोटात बाण्याच्या सुताची कांडी. कांडी संपली की साचा थांबायचा. विणकर नवी कांडी घालायचा आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला भोकाला तोंड लावून श्वास ओढायचा. धागा जिभेवर यायचा. पाळीभर हेच. विलायतेत लँकेशायरचे कामगार याला धोट्याचं चुंबन म्हणत. तिकडं ओरड झाली ती दात किडण्याची, क्षयाची. रास्तच होती. इकडची ओरड निराळी. एकाच्या थुंकीनं ओला झालेला धोटा दुसरा तोंडाला लावणार, त्याचा क्षयसुद्धा वाटून घेणार, पण त्या भोकाला महाराचं तोंड लागलं तर मात्र बाटणार! म्हणून आपल्या माणसाला साचेखात्यात शिरूच द्यायचं नाही.

आपली माणसं कताईत, रिंगखात्यात. पगार तिथं सगळ्यात कमी. आणि गंमत बघा. ज्या सुताला ते ओठ लावत ते सूत आलं कुठून? रिंगवरून. तुटलेली तार आपल्याच बोटांनी जोडलेली. म्हणजे आपल्या बोटांतून गेलेला धागा यांच्या जिभेवर चालतो, आपली थुंकी चालत नाही. धर्मशास्त्रात हे कुठल्या पानावर लिहिलंय? कुठंच नाही. हे पान गिरणीतच लिहिलं गेलं, इंजिनाच्या वाफेवर, घड्याळाच्या भोंग्यावर. जात नुसती गावाहून गाठोड्यात बांधून आणलेली नव्हती, इथं नवीसुद्धा घडवली.

बाबासाहेबांनी हे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत उघड मांडलं. मुंबई आणि अहमदाबाद दोन्हीकडं विणकाम अस्पृश्यांना बंद आहे, आणि सवर्ण कामगार मुसलमानाशेजारी काम करायला तयार असतो, आपल्याशेजारी नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू म्हणून त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. पहिल्या शत्रूचं नाव घेतलं की कामगार चळवळीत फूट पडते, असं आपल्याला अजून ऐकवतात. फूट आधीच होती राव, धोट्याच्या भोकाएवढी.

त्याच्या १० वर्षं आधी, १९२८ च्या मोठ्या संपात, बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न टाकला होता. साचेखातं आमच्यासाठी खुलं करा, हे मागण्यांत घाला. पुढाऱ्यांनी घातलं, पण नाखुशीनं. आणि मालकांना हसायला कारण मिळालं: हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही! मालक लबाडच, पण या एका वाक्यापुरतं त्याला खोटं कसं म्हणायचं? हे मला लिहितानासुद्धा टोचतं. पुढं ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध लाल बावटा आणि स्वतंत्र मजूर पक्ष एकत्र संपात उतरले. एका दिवसासाठी का होईना, माणसं एका रस्त्यावर आली. तेही विसरू नये.

आता साहित्याचं. १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं त्याचं उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं. शाळा न शिकलेला, गिरणीत राबलेला माणूस. १९६३ ला बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आलं. त्या कथेतला आपला माणूस रेल्वेत नोकरीला लागतो, खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि कळल्यावर मार खातो. तिथं पाटील नाही, वाडा नाही. रेल्वे आहे, पगार आहे, दोस्त आहेत. विद्वानांनी हे पुस्तक नीट वाचलं असतं तर जात विरघळते म्हणायला त्यांची जीभ रेटली नसती.

नव्या साच्यांना धोटाच नाही, हवेच्या झोतानं धागा पलीकडं जातो. तोंडाची गरज संपली. पण जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाच्या डब्यात हात घालतो, आणि कोण ‘आज उपास आहे’ म्हणून सरकून बसतो, ते बघा. आमच्याकडं काहींचे उपास आठवड्यातून पाच दिवस असतात.

तुमच्या घरात, चाळीत कुणी म्हातारं गिरणीत होतं का? विचारा त्यांना. कुठल्या खात्यात होते, साच्यावर कधी जाऊ दिलं, पाणी कुठलं प्यायचे, डबा कुणाशेजारी उघडायचे. ते सांगतील तसंच, त्यांच्याच बोलीत उतरवून पाठवा. शुद्धलेखन आम्ही बघणार नाही. घाई करा, ती माणसं आता फार राहिली नाहीत.