मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजीं स्थापन झालें. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. शंभरावर उमेदवार बसले, पैकीं वीस-बावीसच उतरले. यावरून तत्कालीन विद्यार्थ्यांच्या अज्ञानाचें अनुमान काढलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं. कलकत्त्यास १८५७ च्या पहिल्या परीक्षेस २४४ बसून १६२ उत्तीर्ण झाले होते. दोन शहरांतील बुद्धीचें मान इतकें भिन्न असणें संभवत नाहीं. परीक्षकांची मोजपट्टीच भिन्न असली पाहिजे.

लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेली ही संस्था आरंभीं स्वतः शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई. सबब एल्फिन्स्टनसारख्या विद्यालयांची पारखहि तिच्याच हातीं गेली, आणि परीक्षेंत जें नाहीं तें वर्गांतहि टिकेना. मराठीचेंच पहा. १८६० नंतर थोड्याच वर्षांत विद्यापीठानें देशी भाषा उच्च परीक्षांतून काढल्या. कॉलेजांतील त्यांचा अभ्यास तेव्हांच खुंटला.

त्या पहिल्या उत्तीर्णांपैकीं महादेव गोविंद रानडे हे एक. १८६२ सालीं भांडारकर, वागळे व मोडक यांच्यासह ते पहिले बी. ए. झाले. पुढें मराठीस परीक्षेंत पुन्हां स्थान मिळावें म्हणून सीनेटमध्यें झगडले तेहि रानडेच. (ज्यांस या मोजपट्टीनें गौरविलें त्यांनींच तिच्यांत खोट काढावी, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.) १६ जानेवारी १९०१ रोजीं ते निवर्तले, एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीचा प्रवेश झाला तो त्याच सुमारास.